आत्याबाईंच्या भिंतीचा वेल

मी माझ्या सासूबाईंना आत्याबाई म्हणत असे. दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या अंगणात त्यांनी एक वेल लावला होता. ‘फूल आलं की कळंल, ह्यो त्योच हाय का दुसरा,’ असं त्या म्हणायच्या. फूल काही आलं नाही आणि मधेच आत्याबाईंचं बोलणं गेलं. मग वेल आणि आत्याबाई दोघांचंही मलाच बघावं लागलं, आणि दोघांना काय हवं आहे ते मला कळेना.

आमच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. दिवाळी झाली की सासरे आणि आत्याबाई सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांमागे कोकणाकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर आपल्या गावी, निमोण्याला, परत यायचे. मी यातलं काही पाहिलेलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा मेंढरं विकून झाली होती. थोरले दीर निमोण्याला शेती करत होते आणि आमचे हे दौंडला रेल्वेत खलाशी म्हणून लागले होते. सासरे वारल्यावर आत्याबाई आमच्याकडे राहायला आल्या. इतकी वर्षं उघड्यावर काढलेली बाई, तिला दोन खोल्यांत करमेना. चहा झाला की त्या हातात काठी घेऊन कॉलनीभर हिंडून यायच्या. मेंढरं नव्हती, पण काठी होती.

आमचे हे मेंढरांच्या वाटेवरच जन्मले. ती गोष्ट आत्याबाई मला भाकऱ्या थापताना सांगायच्या.

“येका बंगल्याच्या भिंतीला लागून पाल टाकलं व्हतं. आगं, भिंत दिसतच न्हवती. निस्ती फुलं. केशरी, बोटायेवढी लांबडी. लांबून बघितलं तर जाळ लागल्यावानी दिसायचं. माझी बाळुती वाळत घालाया भिंतीवर जागा गावंना.”

“कसली फुलं ती?”

“काय म्हाईत. फुडल्या साली ह्यांनी वाट बदलली, पुन्यांदा काय त्या भिंतीकडं जाणं झालं न्हाई. पर तुझा नवरा झाला तवा फुलली व्हती बघ. म्या म्हणलं, पोराचा पायगुण.”

आमच्या ह्यांना ही गोष्ट आवडायची नाही. ते म्हणायचे, “आये, कॉलनीत कुणाला सांगू नको. म्हणतील, खलाशी झाडाखाली पडलेला घावला.”

एका श्रावणात मी आणि आत्याबाई दळण घेऊन परत येत होतो. कॉलनीच्या टोकाला जुन्या साहेब लोकांचा एक बंगला होता. छप्पर गेलेलं, आत बाभळी उगवलेल्या. त्याच्या कंपाउंडवरून एक वेल खाली उतरून जमिनीवर पसरला होता. आत्याबाई तिथं थांबल्या. त्यांनी पान हातात धरलं, उलटं केलं, मग काठी माझ्याकडे दिली आणि खाली बसल्या.

“ह्योच,” त्या म्हणाल्या.

“काय ह्योच?”

“आगं, तुझ्या नवऱ्याच्या भिंतीचा येल. पान वळखतंय मला. मेंढरं तोंड लावायची न्हाईत ह्येच्या पानाला, म्हणून ध्यानात हाय. आन् ह्यो दोरा बघ.”

पानं जोडीनं होती. दोन पानांच्या मधून एक बारीक दोरा निघत होता आणि त्याच्या टोकाला तीन फाटे होते, कोंबडीच्या पायासारखे. तो दोरा जिथं लागेल तिथं गच्च धरत होता. फूल मात्र एकही नव्हतं. मी म्हणाले, अशी पानं पुष्कळ वेलांची असतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी पिठाचा डबा खाली ठेवला. मुळं धरलेलं एक कांडं त्यांनी दगडानं तोडून घेतलं आणि पिठाच्या डब्यावर ठेवून घरी आणलं. पुढच्या वर्षी तो बंगला पाडला. त्यामुळे मूळ वेलाला कधी फूल आलं होतं की नाही, हे विचारायलाही जागा उरली नाही.

मोरीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं, अंगणाच्या भिंतीला धरून, आत्याबाईंनी ते कांडं लावलं. निमोण्याहून लेंडीखताचं पोतं मागवलं. घरची मेंढरं नव्हती तरी भावकीत कुणाकडे तरी असायचीच. आमच्या लोकांचा लेंडीखतावर फार भरवसा. मिरचीला लेंडी, तुळशीला लेंडी, कशाचंही काही बिघडलं की लेंडी. वेल त्या खतावर असा उठला की वर्ष दीड वर्षात भिंत झाकली आणि संडासाच्या पत्र्यावर जाऊन पसरला. आत्याबाई रोज सकाळी त्याच्या खाली उभ्या राहून वर बघायच्या.

“आलं का काय, आये?” हे विचारायचे.

“येईल की. तुला काय घाई हाय?”

“मला न्हाई, तुलाच हाय.”

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. पुण्याला नेलं, आणलं. पायात थोडं बळ आलं, पण शब्द काही परत आला नाही. नुसता ‘आ’ असा आवाज यायचा, कधी लांब, कधी तुटका. दोन्ही भावांनी बसून ठरवलं की गुढीपाडव्यापासून भाऊबीजेपर्यंत आई दौंडला, आणि भाऊबीजेपासून पाडव्यापर्यंत निमोण्याला. गावचं घर पावसात गळायचं म्हणून पावसाळा आमच्याकडे. आम्हा दोघी जावांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते! माझी शाळा चौथीपर्यंत. ते कारण नाही म्हणा, चौथी झालेल्या कितीतरी बायका फडाफडा बोलतात. मला मुळातच चारचौघांत तोंड उघडायला जमत नाही. घशापर्यंत येतं आणि तिथंच राहतं.

मी आत्याबाईंची बाज अंगणात वेलाच्या समोर टाकायचे. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून त्या वेलाकडे बघत पडायच्या. मला एवढंच समजत होतं की त्यांना तो फुललेला बघायचा आहे. ती भिंत त्यांनी आयुष्यात एकदाच बघितली होती. बाकीचं मी त्यांना देऊ शकत नव्हते. हात देऊ शकत नव्हते, बोलणं देऊ शकत नव्हते. हे एक आपल्याला जमेल असं मला वाटलं.

आता वेल कधी फुलेल, याचा मी माझ्या बुद्धीनं हिशोब केला. आत्याबाई म्हणायच्या, पोरगा झाला तेव्हा भिंत फुलली होती. आमच्या ह्यांचा जन्म जूनचा. नोकरीच्या कागदांवर तीच तारीख होती, बढतीही त्याच तारखेवर मोजत होते. शिवाय जून म्हणजे मेंढरं परत फिरायचे दिवस, म्हणजे ‘वाटेवर झाला’ हेही बरोबर बसत होतं. तेव्हा मी मे महिना लागला की वेलाची तयारी करायचे. आळं खणायचं, पोतंभर लेंडी घालायची, मोरीचं पाणी होतंच, वर नळाचं पाणी. जून यायचा. वेलाला हिरवीगार लवलवती पानं फुटायची. आत्याबाई बघायच्या, मीही बघायचे. जून जायचा.

शेजारच्या क्वार्टरमध्ये गार्डची बायको राहायची, मी त्यांना वहिनी म्हणायचे. त्या सोलापूरकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी नाना उपाय सांगितले. बुंध्यात गंजका खिळा ठोक. ताक ओत. चुलीची राख टाक. एकदा भिंतीवरून वाकून हळूच म्हणाल्या, “तू बाजूला बसतीस तवा तुझी सावली पडती का ग त्याच्यावर?” त्यानंतर त्या चार दिवसांत मी अंगणाच्या त्या बाजूला जात नसे आणि हे कामावरून आले की त्यांना पाणी घालायला लावायचे. तेही म्हणायचे, “मी शेडमधी इंजनाला पाणी घालू का हितं येलाला?” पण घालायचे.

एकदा पावसाळा सरता सरता ग्रहण आलं. वहिनी म्हणाल्या, ग्रहणात न फुलणाऱ्या झाडाला मुसळ दाखवायचं असतं. एकानं मारायला उठायचं आणि दुसऱ्यानं झाडाच्या वतीनं कबुली द्यायची, की मारू नका, औंदा नक्की फुलेल. मारणारीचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. ग्रहण लागलं तशा त्या डोक्यावर पदर घेऊन मुसळासकट आमच्या अंगणात आल्या. आत्याबाईंना मी आत निजवलं होतं. दिवसा संध्याकाळसारखा उजेड झाला होता आणि कावळे ओरडत होते.

“काय रे भडव्या!” वहिनी वेलाला म्हणाल्या. “फुकटचं पाणी पितोस, खत खातोस, आन् फूल देताना मरतोस व्हय? आज तुला ठेवतच न्हाई.” आणि मुसळ उगारून माझ्याकडे बघत थांबल्या.

मला बोलायचं होतं. शब्द पाठ होते. पण पलीकडच्या क्वार्टरच्या खिडकीत कुणीतरी उभं होतं असं मला वाटलं आणि मी पदर पुढे ओढला.

“बोल की!” वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या. “माझा हात दुखतोय. आगं, वकीलच गप बसला तर आरोपीला फाशीच की!”

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तेवढ्यात आतून आत्याबाईंचा ‘आ... आ’ असा आवाज आला, लांबलचक.

वहिनींनी मुसळ खाली टेकवलं. “झालं. म्हातारीनं जामीन दिला.” आणि हसत हसत आंघोळीला गेल्या.

जामीन देऊनही वेल फुलला नाही.

दिवाळीच्या आधी घरोघरी रंग लागायचा. आम्हीही अंगणाच्या भिंतीला चुना द्यायचो. त्यासाठी वेल भिंतीवरून सोडवावा लागे आणि त्याचे दोरे इतके घट्ट असत की सोडवण्यापेक्षा कापणं सोपं. हे कोयता घेऊन दरवर्षी तो पार गुडघ्याएवढा करून टाकायचे. तसंही फुलाचा मोसम गेला, आता नव्यानं फुटू दे, असं आम्हाला वाटायचं. हे कापायला लागले की आत्याबाई बाजेवर उठून बसायच्या आणि डाव्या हातानं बाजेची लाकडी कड धडधड वाजवायच्या. तोंडानं ‘आ, आ, आ’ असं तुटक चालायचं.

“व्हय, व्हय, आये,” हे म्हणायचे. “कापतोय. समदा कापतोय, दम धर.”

आणि आणखी खालून कापायचे.

मला त्यांच्या तोंडाकडे बघून वाटायचं, हे ‘काप’ असं नाही. पण ‘कापू नका’ असं असेल तर का, ते समजत नव्हतं. पुन्हा वाढतोच आहे की. मग मी त्यांची समजूत म्हणून कापलेल्या खोडाला आणखी दोन घमेली खत घालायचे. ते बघून त्या डोळे मिटायच्या. मिटलेल्या डोळ्यांवरून मी काय ओळखणार? चार-आठ दिवसांनी भाऊबीज यायची आणि थोरले दीर येऊन त्यांना निमोण्याला घेऊन जायचे.

शिरूरला माझा भाऊ राहतो. एका वर्षी संक्रांतीला मी त्याच्याकडे गेले. एसटी स्टँडवरून त्याच्या घरी चालत जाताना मधे एक बंगला लागतो. त्या वर्षी मी त्या रस्त्यानं थंडीत पहिल्यांदाच जात होते. वळले आणि समोर भिंतच दिसेना. नुसती केशरी फुलं, वरून खाली झुंबरासारखी लोंबलेली. पानं शोधावी लागत होती. मी जवळ गेले आणि एक पान उलटून बघितलं. जोडीची पानं, मधून दोरा, दोऱ्याला तीन फाटे.

विचारायला तर हवं होतं. मी फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी आतूनच एक बाई बाहेर आल्या.

“कोण पाहिजे? भांड्याला बाई आहे आमच्याकडे.”

मी मान हलवली.

“मग काय? फुलं हवीत? याला वास नसतो हो, देवाला नाही वाहत आम्ही.”

“ह्याचं नाव काय?” मी कशीबशी म्हणाले.

“संक्रांतवेल. याच दिवसांत फुलतो ना.”

“आमच्यात आहे. फुलत नाही.”

त्या बाईंना हा विषय आवडत असावा. त्यांनी फाटक उघडलं. “कापता का तुम्ही त्याला?”

“दिवाळीला.”

“अहो, मग कसा फुलेल? पावसाळ्यात जे फुटवे येतात ना, त्यांच्या शेंड्यालाच फुलं येतात. दिवाळीत तेच कापून टाकलेत तर राहिलं काय? कापायचा तो फुलं सरल्यावर, होळीच्या सुमाराला. आणि पाणी? थंडीत ताण द्यायचा त्याला. खत काय घालता?”

“लेंडी.”

“किती?”

“पोतं. पोतं-पोतं.”

त्या हसायलाच लागल्या. “मग पानांचं लोणचं घाला आता!”

मी भावाच्या घरी गेले, हळदीकुंकू घेतलं, वाण घेतलं, पण माझं कशातच लक्ष नव्हतं. आत्याबाई बाज का बडवत होत्या ते मला आता कळलं होतं. त्यांना वाचा असती तर एका वाक्यात काम झालं असतं. पण एक गोष्ट बसत नव्हती. भिंत संक्रांतीला फुलते, तर हे जूनमध्ये कसे जन्मले?

दौंडला आल्यावर मी ह्यांना विचारलं, “तुम्ही थंडीत झालात का?”

“डोकं फिरलं का काय तुझं? सर्व्हिस बुकात जून हाय.”

“दादांना विचारा.”

निमोण्याला तेव्हा एका दुकानदाराकडे फोन होता. हे स्टेशनासमोरच्या एसटीडी बूथमध्ये गेले. मी काचेबाहेर उभी होते. थोरल्या दिरांना बोलावून आणेपर्यंत ह्यांनी दोनदा फोन लावला आणि मग ओरडून विचारलं, “दादा, मी कवा झालो? आरं, मी! जन्म, जन्म!” बूथवाला हसत होता. हे ऐकत राहिले आणि फोन ठेवून बाहेर आले.

“शेकोटी केली व्हती म्हणं. कोकणात उतरतानी. दादा मोठा व्हता, त्येला समदं आठवतंय. गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना जूनच लावून दिला.” थोडं चालल्यावर म्हणाले, “आन् आयला ती तारीख कुणी सांगितलीच न्हाई.”

खरंच, आत्याबाईंना हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मुलाचा जन्म त्यांच्या अंगावर होता, कागदाची त्यांना काय गरज! आम्ही जून महिन्यात वेलाकडे टक लावून का बघतो, हे त्यांना किती चमत्कारिक वाटलं असेल.

त्या वर्षीचा वेल तर दिवाळीलाच कापून झाला होता. आता पुढचा मोसम. मी पाडव्याची वाट बघत होते, आत्याबाई आल्या की पहिलं हे सांगायचं म्हणून. पण त्याच माघात निमोण्याला त्यांच्यावरून पुन्हा वारं गेलं. पाडव्याला दिरांनी त्यांना जीपमधून उचलून आणलं तेव्हा त्या आधीच्या आत्याबाई नव्हत्या. डोळे उघडे असायचे, पण कुणावर थांबायचे नाहीत. मी बाज वेलासमोर टाकली, शेजारी बसले आणि त्यांचा डावा हात हातात घेतला.

“आत्याबाई, कळलं बघा मला. हे थंडीत झाले. आता न्हाई कापायचा. खत न्हाई घालायचं. तुमी म्हणत व्हता ते समजलं.”

त्या वेलाकडे बघत होत्या. पण त्या मोरीकडेही तशाच बघायच्या, आणि चहाच्या कपाकडेही. मी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. पुढेही बऱ्याचदा सांगितलं. माझ्यासारखीनं आयुष्यात कुणाला एखादी गोष्ट इतक्यांदा सांगितली नसेल. मला ज्या दिवसांत त्यांचं म्हणणं समजायला हवं होतं त्या दिवसांत त्या सांगत होत्या, आणि आता मला समजलं तर त्यांचं सांगणं थांबलं होतं.

मी खत बंद केलं. मोरीच्या पाण्याला विटा लावून दुसरीकडे वळवलं. पावसाळा संपता संपता वेलाला लांब, सरळ फुटवे आले. दिवाळीत हे चुन्याची बादली घेऊन आले तेव्हा मी कोयता आधीच धान्याच्या कोठीमागे ठेवला होता. “वेल आहे तिथं राहू द्या,” मी म्हणाले. त्यांनी बाकीच्या भिंतीला चुना दिला. वहिनी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “हे काय, अर्धीच दाढी केली का भिंतीची?”

भाऊबीजेला थोरले दीर आले. मी ह्यांना आत बोलावून सांगितलं, “एवढी संक्रांत होऊ द्या. वेल फुलला की आपण स्वतः नेऊन सोडू.” हे बाहेर जाऊन दिरांना तसं म्हणाले. दिरांचं तोंड उतरलं.

“का बाबा? आमी सांभाळीत न्हाई व्हय नीट?”

“तसं न्हाई, दादा.”

“मग कसं? गावात लोक काय म्हणतील, थोरल्यानं पाळी चुकवली? येलासाठी ठेवली म्हणून सांगू का त्यांना?”

मी दाराआड होते. मला बाहेर येऊन सांगायचं होतं, की भाऊजी, तुम्ही शेकोटी केली होती त्या भिंतीचा वेल आहे हा. एवढंच वाक्य होतं. मी आत्याबाईंची गोधडी घडी करून जीपमध्ये नेऊन ठेवली.

डिसेंबरमध्ये प्रत्येक फुटव्याच्या शेंड्याला काडेपेटीतल्या काड्यांसारखे झुबके दिसायला लागले. मी रोज जाऊन बघायचे आणि हात लावायचे नाही. संक्रांतीच्या आधी एका सकाळी काही उघडले आणि मग थांबायलाच तयार नाहीत. संडासाचा पत्रा, भिंत, वहिनींच्या बाजूची निम्मी भिंत, सगळं केशरी. कॉलनीतली माणसं बघायला यायची. वहिनी स्वतःच सगळ्यांना सांगायच्या, “मुसळ माझं!”

हे पाळी संपवून आले आणि डबा हातात धरूनच वेलाखाली उभे राहिले. कितीतरी वेळ.

“ह्यो त्योच का ग?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत? ते त्यांनाच माहीत.”

आत्याबाईंना इथं आणण्याबद्दल त्यांनी पुन्हा एसटीडीवरून विचारलं. डॉक्टरनं हलवायला मनाई केली आहे, असं दिरांनी सांगितलं. ह्यांना सुट्टी मिळेना. मग मीच निघाले. एकटीनं एवढा प्रवास करायची मला सवय नव्हती. सकाळी लवकर फुलांचे लांब झुबके कापले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि वेताच्या पाटीत ठेवले. एसटीत पाटी मांडीवर घेऊन बसले. वाटेत फुलं गळायला लागली. हे फूल गळतं तेही धड गळत नाही, आतल्या काडीला धरून लोंबत राहतं. कंडक्टर म्हणाला, “मावशी, काय जाळ घेऊन चालला का काय?” गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी पाटीवर पदर टाकला.

निमोण्याला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आत्याबाई ओसरीवर गोधडीत होत्या. थोरल्या जाऊबाई, मी त्यांना आक्का म्हणते, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पाटीत डोकावून बघितलं.

“आगं बया, एवढ्या लांबनं फुलं आणलीस? म्हातारीला काय कळतंय आता!”

मी आत्याबाईंजवळ बसले. एक झुबका त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. उन्हात तो पेटल्यासारखा दिसत होता. त्यांचे डोळे त्याच्यावर आले, थांबले असं मला वाटलं, आणि मग पलीकडे गेले.

“आत्याबाई, तुमच्या भिंतीचा वेल. फुलला बघा. ह्योच का?”

मी पुन्हा विचारलं. मग त्यांचा डावा हात गोधडीतून बाहेर आला. बोटं चाचपडत झुबक्यापर्यंत आली आणि त्यांनी एक फूल ओढून काढलं. ते उलटं केलं. देठाचं टोक ओठांत धरलं आणि चोखलं.

“आगं, काढ ते त्वांडातनं!” आक्का ओरडल्या. “आताशा काय बी त्वांडात घालत्यात. परवा गोधडीचा दोरा चावीत बसल्या व्हत्या.”

“राहू द्या, आक्का,” मी म्हणाले.

मी एक फूल घेतलं आणि त्याच टोकानं चोखून बघितलं. थेंबभर गोड लागलं. हे मला ठाऊक नव्हतं, कुणी सांगितलेलंही नव्हतं. आत्याबाईंनी फूल बरोबर त्याच टोकानं तोंडात धरलं होतं. पण दोराही त्यांनी तोंडातच धरला होता. त्यांना ती भिंत आठवली की हाताला आलं ते तोंडात गेलं, हे मी त्यांच्या तोंडाकडे बघत किती वेळ शोधलं. चेहरा हलला नाही. ‘आ’ असा आवाजसुद्धा आला नाही.

चोखून झालेलं फूल त्यांच्या ओठावरून गोधडीवर पडलं. हात पुन्हा पुढे आला, उघडा. मी त्यावर दुसरं फूल ठेवलं. तेही त्यांनी तसंच केलं. मग तिसरं. आक्का दारातून म्हणाल्या, “तुझी शेवटची गाडी जाईल बरं का.” गोधडीवर रिकामी फुलं पडत होती. मी पाटी जवळ ओढली आणि गळालेली बाजूला सारून, ज्यांच्यात अजून थेंब असेल अशी फुलं त्यांच्यासाठी निवडून काढायला लागले.